दाढ तुटली आणि अर्जाची मुदत गुरुवारी : आधी काय, नंतर काय?

ठणका | रविवार, पहाटे २:१०

नमस्कार. नवीन आयडी आहे, आत्ताच काढला, कारण झोप लागत नाहीये. एरवी वर्षभर नुसती वाचत असते.

रात्री जेवताना खालच्या उजव्या दाढेचा तुकडा कट्कन तुटला. दोन वर्षांपूर्वी भरून घेतलेली दाढ आहे. आधी नुसतं चरचरलं. आता ठणका थेट कानापर्यंत जातोय. आडवी पडले की वाढतो, उठून बसले की जरा कमी होतो. गार पाणी लागलं तर जीव जातो. आज रविवार, त्यामुळे दवाखाना उद्यापर्यंत बंद.

दुसरी गोष्ट. पदवीच्या अर्जाची मुदत गुरुवारी संपतेय. पाच पर्याय पसंतीच्या क्रमाने भरायचेत. मला इतिहास आवडतो. घरी सगळ्यांचं एकच, ‘उपयोगाचं काहीतरी घे’. म्हणून यादी अशी झालीय: अकाउंटिंग, नर्सिंग, इलेक्ट्रिकल, संख्याशास्त्र आणि तळाला इतिहास. वरच्या चारांचा क्रम काही लागत नाही.

खरं तर दोन धागे काढायला हवे होते. पण दोन्ही भुंगे एकाच डोक्यात आहेत, म्हणून एकच.

उगाचच | रविवार, पहाटे २:१८

पहिला पर्याय: दाढ काढून टाक. दुसरा पर्याय: मामा, काका, आत्या जे कुणी ‘उपयोगाचं घे’ म्हणतायत त्यांना काढून टाक. ह.घ्या. (हलके घ्या)

ठणका | रविवार, पहाटे २:२०

मामाच आहे. कसं ओळखलंत?

उगाचच | रविवार, पहाटे २:२१

मामाच असतो.

घरगुती | रविवार, पहाटे २:३५

लवंगतेलाचा बोळा ठेव. नसेल तर अ‍ॅस्पिरिनची गोळी कुटून दाढेत दाबायची, वरून गरम पाण्याची पिशवी. आणि घरात आधीच्या आजारपणातली अँटिबायोटिक्स उरलेली असतील तर दोन दिवस घे, गळू होत नाही. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या असंच चालत आलंय.

दंतकथा | रविवार, पहाटे २:५०

थांब, थांब. वरच्या प्रतिसादातलं एवढ्यात काही करू नकोस. मी दंतवैद्य आहे, वीसेक वर्षं हेच करतेय. (आज मलाही झोप नाही, पण माझं कारण वेगळं.)

आधी चार गोष्टी सांग. गालाला किंवा जबड्याखाली सूज आहे का? ताप? तोंड नेहमीइतकं उघडतंय का, गिळताना त्रास होतोय का? आणि गार पाणी लागल्यावरची कळ लगेच जाते की रेंगाळते?

ठणका | रविवार, पहाटे २:५८

सूज नाही, ताप नाही. तोंड उघडतंय, गिळताही येतंय. कळ रेंगाळते, मिनिटभर तरी.

दंतकथा | रविवार, पहाटे ३:२०

मग आजची रात्र घरी काढता येईल. पण दाढ सोमवारच्या पुढे ढकलायची नाही.

काय झालंय ते सांगते, म्हणजे भीती कमी होईल. दाताच्या आत मऊ गाभा असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा. आपण ज्याला ‘नस’ म्हणतो ते हेच. कुठेही लागलं की ती जागा सुजते. पण इथे चहूबाजूंनी कडक भिंत, सुजायला जागाच नाही. आतल्या आत दाब वाढतो आणि ठणका लागतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो, म्हणून रात्री हाल. तेव्हा दोन उश्या घेऊन टेकून बस. गार लागल्यावर क्षणभर चमकून थांबलं तर गाभा बहुतेक सावरतो. कळ तीस सेकंदांहून जास्त रेंगाळत असेल, किंवा काही न लागताच ठणकत असेल, तर गाभा सावरण्यापलीकडे गेलेला असण्याची शक्यता जास्त. अर्थात तपासल्याशिवाय शिक्का मारायचा नसतो.

गोळी: तुला अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण, रक्त पातळ करणारी औषधं यातलं काही नसेल तर आयबुप्रोफेन काहीतरी खाऊन घे, आणि जोडीला पॅरासिटामॉल चालतं. दाताच्या दुखण्यावर ही जोडी चांगलं काम करते. मात्रा पाकिटावर असते तेवढीच. निरोगी प्रौढ माणसालाही चोवीस तासांत पॅरासिटामॉल चार ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि सर्दीच्या गोळ्यांतही तेच असतं हे लोक विसरतात. दात दुखतो म्हणून दर तासाला गोळी घेऊन यकृताची वाट लावून घेतलेली माणसं मी पाहिलीत.

अ‍ॅस्पिरिन हिरडीवर ठेवायचं नाही. ते आम्ल आहे, हिरडी पांढरी पडून भाजते. ती गिळायची गोळी आहे, लिंपायची नाही. शेक बाहेरून आणि गार, दहा-पंधरा मिनिटं. गरम पिशवी नको. कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा. दाढेची कड जिभेला कापत असेल तर औषधाच्या दुकानात दात तात्पुरता बुजवायचं सिमेंट किंवा दाताचं मेण मिळतं, ते लाव. तुटलेला तुकडा मिळाला असेल तर घेऊन जा.

आणि यातलं काहीही झालं तर सोमवारची वाट न बघता थेट रुग्णालय: सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास अडला, ताप चढला.

ठणका | रविवार, पहाटे ३:३१

खूप खूप आभार. गोळी घेतली, टेकून बसलेय.

एक विचारू? तीस सेकंदच का? वीस का नाही? हा आकडा आला कुठून?

दंतकथा | रविवार, पहाटे ३:४०

दाढ ठणकत असताना असला प्रश्न विचारणारी तू पहिलीच. ती काही लक्ष्मणरेषा नाही. तपासताना उपयोगी पडतो असा अंदाज आहे, म्हणून मी ‘शक्यता’ म्हटलं. झोप आता.

घरगुती | रविवार, सकाळी ८:१५

अ‍ॅस्पिरिनचं मान्य, पण लवंग? ती तर तुमच्याच दवाखान्यात वास मारत असते.

दंतकथा | रविवार, सकाळी ९:०५

खरंय, त्याबद्दल भांडण नाही. लवंगेतलं युजेनॉल नस बधिर करतं. झिंक ऑक्साईडमध्ये ते कालवून तात्पुरतं सिमेंट करतात, दवाखान्यातला तो वास त्याचाच. पण शुद्ध तेलाचा बोळा हिरडीवर तासभर ठेवला की हिरडी भाजते. थोडंसं, आणि फक्त दाढेच्या खड्ड्यात, हिरडीला न लावता. तेही वेळ मारून नेण्यापुरतं.

अँटिबायोटिक्सबद्दल मात्र मी हटणार नाही. आतल्या गाभ्याचा रक्तपुरवठाच बिघडलेला असतो, औषध तिथे पोचणार कसं? सूज नाही, ताप नाही, तर ती ठणका कमी करत नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने हेच लेखी सांगितलं: दातावर लगेच उपचार होऊ शकत असतील तर बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिक्स नकोत. उरलेल्या गोळ्या अर्ध्यामुर्ध्या घेणं तर त्याहून वाईट.

घरगुती | रविवार, सकाळी ९:२०

बरं. माझा प्रतिसाद काढून टाकता (प्रकाटाआ) येईल का? तीन वर्षांनी कुणीतरी शोधत येईल आणि तेवढंच वाचून गोळी कुटेल.

व्यवस्थापक | रविवार, सकाळी ९:४५

राहू द्या, खाली खुलासा आहे. तो काढला तर खालचं भांडण कुणालाच कळणार नाही.

सलाईन | रविवार, सकाळी १०:३०

मी नर्स आहे. पुरुष नर्स, हो, असतात. दंतकथाताईंनी थेट रुग्णालयात जाण्याबद्दल जे लिहिलंय ते पुन्हा वाचा. मी तातडीच्या विभागात होतो तेव्हा एक गृहस्थ रात्री आले. चार दिवस दाढ ठणकत होती आणि पाचव्या दिवशी ‘आपोआप थांबली’. थांबली नव्हती, आतली नस मेली होती. जंतुसंसर्ग खाली उतरत गेला आणि जिभेखालचा सगळा भाग फळीसारखा कडक. बोलता येईना, लाळ गळत होती, बसूनच श्वास घेत होते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, त्याच्याच नावाने ते ओळखतात. श्वासनलिका मोकळी ठेवायला भूलतज्ज्ञांची जी धावपळ झाली ती मी विसरणार नाही. गृहस्थ वाचले. सुरुवात काय, तर दाढ.

दुखणं थांबणं आणि दुखणं बरं होणं, यात फरक आहे.

निवृत्त_निवांत | रविवार, सकाळी ११:१०

सलाईन यांचं शेवटचं वाक्य ठणकाच्या दुसऱ्या प्रश्नालाही लागू पडतं. मामाचा घोषा थांबावा म्हणून घेतलेली पदवी ही वेदनाशामक गोळीच.

उगाचच | रविवार, सकाळी ११:१४

आजोबा, सकाळी सकाळी रूपक? आता दिवसभर सगळे दाढेवरून आयुष्य समजावत बसणार.

आकडेमोड | रविवार, दुपारी १२:४०

मग मीच सुरुवात करतो, पण रूपकाशिवाय. पंधरा वर्षं हिशेबतपासणी करतोय. वडिलांनी सांगितलं म्हणून अकाउंटिंग घेतलं, आवड वगैरे शून्य. पहिली तीन वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मग एकदा एका गोदामाच्या नोंदींत एकच पावती तीन वेगवेगळ्या महिन्यांत सापडली, आणि त्या दिवसापासून मला हे काम आवडायला लागलं. एखाद्याची लबाडी त्याच्याच हस्ताक्षरात शोधण्याची गंमत काही वेगळीच. सांगायचं एवढंच, की आवड आधीच असावी लागते असं नाही. हातात कसब आलं की तीही येते. ‘आवडीचं करा’ हा सल्ला ज्यांचं भागतंय तेच देतात.

पानगळ | रविवार, दुपारी १:१५

असहमत. तुम्हाला ती पावती सापडली म्हणून. माझ्या वर्गातल्या दोघी ‘उपयोगाचं’ म्हणून आकड्यांकडे गेल्या, दोघींनाही अजून पावती सापडलेली नाही.

मी साहित्यात पदवी घेतली. दोन वर्षं सगळे विचारायचे, ‘पुढे काय?’ आता औषधांच्या माहितीपत्रकांचं संपादन करते. दंतकथांनी वर जे ‘पाकिटावर असते तेवढीच’ म्हटलंय ना, त्या पाकिटावरची वाक्यं कुणीतरी बसून नीट करतं. साहित्याच्या पदवीचा असा उपयोग होईल हे मला कुठल्याच समुपदेशकाने सांगितलं नव्हतं. पण हेही सांगते, की मधली दोन वर्षं सोपी नव्हती.

आकडेमोड | रविवार, दुपारी १:२२

त्या मधल्या दोन वर्षांचं घरभाडं कोण भरत होतं, हा खरा प्रश्न.

पानगळ | रविवार, दुपारी १:३०

आईवडील. लागला मुद्दा, नाकारत नाही.

तारतम्य | रविवार, दुपारी ३:००

विद्युत अभियंता. ठणका, इलेक्ट्रिकलबद्दल दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, पहिली दोन वर्षं ते गणितच असतं, तारा-बिरा नंतर. गणिताशी वैर असेल तर फिरकू नकोस. दोन, पदवीला मान्यता कुणाची हे बघ. अभियांत्रिकीत वॉशिंग्टन करार आहे, १९८९ चा. त्यातल्या देशांच्या संस्था एकमेकांच्या मान्यताप्राप्त पदव्यांचा दर्जा सारखा धरतात. अमुक अभ्यासक्रमाला ती मान्यता आहे का, हे प्रवेशाआधी विचारायचं असतं. आम्ही शेवटच्या वर्षी विचारलं.

आता अवांतर. रूट कनाल केल्यावर आतली पोकळी ज्याने भरतात ते गट्टा-पर्चा. एका झाडाचा चीक. हाच चीक समुद्राखालून टाकलेल्या पहिल्या तारायंत्राच्या केबलींना आवरण म्हणून वापरला होता. इंग्लिश खाडीतली १८५१ ची केबल आणि अटलांटिकमधली १८५८ ची, दोन्हींना. समुद्राच्या पाण्यात टिकतं ते तोंडातल्या पाण्यातही टिकतं. म्हणजे ठणकाताई, सोमवारी तुमच्या दाढेत केबल टाकणार आहेत.

उगाचच | रविवार, दुपारी ३:०४

आता मामाला फोन न लावताच मामाचा आवाज ऐकू येणार.

ठणका | रविवार, दुपारी ४:२०

हसले, आणि हसल्यावर दुखलं. कालपेक्षा बरं आहे, सूज नाही.

दंतकथाताई, अँटिबायोटिक्स ठणका कमी करत नाहीत, हे कसं ठरवलं? म्हणजे अर्ध्या लोकांना दिली, अर्ध्यांना नाही, असं? आणि ज्यांना दिली नाहीत त्यांना माहीत होतं का?

आणि सगळेच दाताला ‘कीड’ म्हणतो, तर आत खरंच किडा असतो असं कधी वाटायचं का लोकांना?

दंतकथा | रविवार, संध्याकाळी ५:१०

हो, अगदी तसंच ठरवतात. काहींना खरी गोळी, काहींना दिसायला तशीच पण बिनऔषधाची. घेणाऱ्यालाही माहीत नसतं, देणाऱ्यालाही नाही. मग दोन्ही गटांचं दुखणं मोजायचं.

किड्याबद्दल: हजारो वर्षं वाटायचं, आणि एका नाही, अनेक संस्कृतींत. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये ही समजूत खोडून काढली. मग किडा नाही तर काय? १८९० मध्ये विलोबी मिलरने मांडलं, की तोंडातले जंतू साखर-पिष्टापासून आम्ल करतात आणि ते दाताला विरघळवतं. आपण अजून ‘कीड’च म्हणतो. भाषेला कोण समजावणार!

साचा | रविवार, रात्री ८:४५

कधी नव्हे तो माझ्या कामाचा धागा निघालाय. मी दंतप्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. कॅप, ब्रिज, कवळ्या डॉक्टर बसवतात, बनवतो आम्ही. रुग्णाला आमचं तोंड कधी दिसत नाही, आम्हाला मात्र त्याचं साच्यात रोज दिसतं.

लोकांना वाटतं दात पांढरा असतो. बसा माझ्या शेजारी एक दिवस. हिरडीपाशी पिवळसर, मध्ये उबदार, टोकाला किंचित निळसर आणि पारदर्शक. पुढचा एकच दात बनवायचा असेल तर शेजारच्याशी जुळवता जुळवता घाम फुटतो; अख्खी बत्तिशी त्यापेक्षा सोपी. हल्ली तोंडाचं स्कॅन येतं, संगणकावर आकार देतो, यंत्र झिर्कोनिया नावाच्या टणक सिरॅमिकच्या ठोकळ्यातून कोरून काढतं. पण शेवटचा रंग आणि चावताना दात नेमका कुठे टेकतो, हे अजून हाताने आणि डोळ्याने.

हे सांगायचं कारण: उपयोगी शिक्षण म्हटलं की सगळ्यांना चार-पाचच नावं आठवतात. दंततंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, श्रवणतज्ज्ञ, दातांची स्वच्छता करणारे हायजिनिस्ट ही नावं कुणाचा मामा घेत नाही.

दंतकथा | रविवार, रात्री ९:००

सही. साच्यांसारखी माणसं नसतील तर आम्ही नुसतेच खड्डे खणणारे.

आमच्या व्यवसायाकडे कुणी वळणार असेल तर सांगून ठेवते: मान आणि पाठ आधी दुखायला लागते, रुग्णाचा दात नंतर. बहुतेक ठिकाणी परवाना लागतो आणि देश बदलला की बहुधा पुन्हा परीक्षा. दंतवैद्यकाचं पहिलं स्वतंत्र महाविद्यालय १८४० मध्ये बाल्टिमोरला निघालं, त्याआधी ही विद्या हाताखाली राहूनच शिकत. मला अजूनही वाटतं, की प्रवेश घेण्याआधी प्रत्येकाने आठवडाभर कुणाच्या तरी दवाखान्यात नुसतं उभं राहून बघावं. निम्मे परत जातील, आणि ते चांगलंच.

निवृत्त_निवांत | रविवार, रात्री ९:३०

बाई, ती भुलीची सुई टोचूनही दुखतं कधीकधी, ते का? माझी १९७० च्या दशकातली आठवण आहे. दातखीळ बसायची वेळ आली होती.

दंतकथा | रविवार, रात्री ९:५०

आजोबा, जिथे दाह असतो तिथला भाग आम्लधर्मी होतो, आणि भुलीचं औषध तिथे नीट मुरत नाही. म्हणून दाढ जितकी जास्त पेटलेली, तितकी भूल अवघड. दुसऱ्या जागी टोचणं, वेगळं औषध, थोडी जास्त वाट, असे उपाय असतात. दुखलं तर हात वर करायचा आणि स्पष्ट सांगायचं. ठणका, हे तुलाही.

भूल ही मुळात दंतवैद्यांचीच धडपड. होरेस वेल्सने १८४४ मध्ये हसवणारा वायू घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढच्या वर्षी बॉस्टनला लोकांसमोर प्रयोग फसला आणि बिचाऱ्याची हुर्यो उडाली. १८४६ मध्ये मॉर्टनने ईथर देऊन तिथेच यश मिळवलं, तोही दंतवैद्यच. हल्लीचं लिडोकेन १९४३ चं, स्वीडनचं.

सलाईन | सोमवार, सकाळी ७:२०

रात्रपाळी संपली. ठणका, तुझ्या यादीत नर्सिंग आहे म्हणून. पगार लवकर सुरू होतो, काम कुठेही मिळतं, हे खरं. पण माणसाच्या अंगाची किळस, पाळ्या आणि रागावलेले नातेवाईक या तिन्हीशी तुझं जमतं का, हे आधी बघ. ‘उपयोगाचं’ म्हणून आलेली माणसं पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकाला गळतात.

जाता जाता: फ्लॉरेन्स नाइटिंगेल सगळ्यांना दिवा घेतलेली आठवते. ती आकडेवारीचीही पक्की होती. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा आजारांनी जास्त मेले, हे तिने १८५८ मध्ये गोल आकृती काढून अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलं. परिचर्या, संख्याशास्त्र, इतिहास, तुझ्या यादीतले तीन पर्याय एका बाईत.

पानगळ | सोमवार, सकाळी ८:०५

सलाईन यांनी नेमकं बोट ठेवलं. मी रात्री हा धागा पहिल्यापासून वाचला. ठणका, एक गोष्ट तुझ्या लक्षात आलीय का? तीस सेकंदच का. अँटिबायोटिक्सचं कसं ठरवलं, घेणाऱ्याला माहीत होतं का. किडा खरंच असतो असं वाटायचं का. दाढ ठणकत असताना तू तीनदा एकच प्रश्न विचारलास: हे लोकांना कळलं कसं? अकाउंटिंगबद्दल, इलेक्ट्रिकलबद्दल तू एकही प्रश्न विचारला नाहीस.

आकडेमोड | सोमवार, सकाळी ८:३०

हे पटलं. माझा व्यवसाय तिच्या यादीत पहिला आहे आणि तिने मला एक शब्द विचारलेला नाही. जरा लागलंच.

ठणका, संख्याशास्त्राकडे बघ. फक्त अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाचे विषय काढून वाच, पहिल्या वर्षाचे नाही. पहिलं वर्ष सगळीकडे सारखंच रटाळ. खरी माहिती हाताळायला देतात का, की फळ्यावर सिद्धताच करतात, ते विचार. आणि तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोघा-चौघांना गाठ. माहितीपुस्तिकेतले हसरे चेहरे सोडून.

उगाचच | सोमवार, सकाळी ८:३३

हत्तीचे दाखवायचे दात आणि खायचे दात. (दाताची म्हण आणायची होती, आणली.)

ठणका | सोमवार, रात्री ८:१५

जाऊन आले! अर्धा ओठ अजून बधिर आहे.

एक्स-रे काढला. जुन्या भरावाखाली खोलवर किडलं होतं, गाभा गेलेलाच. काढून टाकायची की वाचवायची, असं विचारलं. मी वाचवायची म्हटलं. पहिल्या सुईने काम झालं नाही, मी हात वर केला (धन्यवाद!), त्यांनी दुसऱ्या जागी दिली आणि मग काहीच कळलं नाही. मुळांतल्या तीन नळ्या साफ केल्या, आत औषध ठेवून तात्पुरतं बुजवलंय. पुढच्या आठवड्यात केबल टाकणार. त्यानंतर कॅप लागेल म्हणाले.

खुर्चीत तोंड वासून पडले होते आणि डॉक्टर सव्वा तास त्या एवढ्याशा भोकात सुयांसारख्या फाइली फिरवत होत्या. एक कळलं, मला हे जन्मात जमणार नाही. सव्वा तास मान वाकवून! पण मदतनीस ताई भिंतीवरच्या तक्त्यावर कोणत्या रुग्णाची दाढ किती दिवसांनी पुन्हा दुखली ते लिहीत होत्या, आणि मी तो तक्ताच वाचत बसले.

पानगळताईंचा प्रतिसाद तिथेच बसून वाचला. काय बोलू कळेना.

घरगुती | सोमवार, रात्री ८:३०

छान झालं. त्या बाजूने चावू नकोस, तात्पुरता भराव निघतो. हा सल्ला तरी बरोबर आहे ना, दंतकथा?

दंतकथा | सोमवार, रात्री ८:४०

शंभर टक्के. ओठाची बधिरता जाईपर्यंत काही चावूच नकोस, ओठ कधी चावला जाईल कळत नाही. आणि कॅपचं मनावर घे. नस काढलेली दाढ पोखरलेली असते, कॅपशिवाय उभी चिरते आणि मग वाचवायला काही उरत नाही. दुखायचं थांबलं की लोक फिरकत नाहीत, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

तारतम्य | बुधवार, रात्री १०:००

उद्या मुदत ना? काय ठरलं?

ठणका | गुरुवार, दुपारी १:५०

अर्ज भरला. संख्याशास्त्र, इतिहास, नर्सिंग, अकाउंटिंग, इलेक्ट्रिकल.

संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षात चाचण्यांची आखणी असा आख्खा विषय आहे. गोळी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हेच. दोन माजी विद्यार्थिनींशी बोलले. एक खूश आहे. दुसरी म्हणाली, दुसरं वर्ष भयंकर असतं, गणित कच्चं असेल तर आतापासून लाग. माझं मध्यम आहे, तर लागते.

इतिहास दुसरा ठेवला म्हणून मामा नाराज आहे. त्याला म्हटलं, मधल्या दोन वर्षांचं घरभाडं देशील का? तर विषय बदलला.

आकडेमोडकाका, लागलं असेल तर माफ करा. एक प्रश्न आहे: ती पावती तीन महिन्यांत होती हे तुम्हाला कळलं कसं?

आकडेमोड | गुरुवार, दुपारी २:०५

व्यनि (खाजगी निरोप) करतो. लांब गोष्ट आहे, आणि मी कधीची सांगायला टपलोय.

साचा | गुरुवार, दुपारी ३:३०

अभिनंदन. कॅप कुठल्या प्रयोगशाळेत जातेय ते विचार. न जाणो, माझ्याच हातात यायची.

दंतकथा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:१०

धागा वर काढतेय. ठणका, कॅप बसवली का?

ठणका | रविवार, सकाळी १०:४०

केबल टाकून झाली! कॅप पुढच्या आठवड्यात नक्की. आता दुखत नाहीये ना, म्हणून जरा...

दंतकथा | रविवार, सकाळी १०:४१

😐

सलाईन | रविवार, सकाळी १०:४४

पळ.